घडीभर बस, तापली आहे

गाडी उभी केली की ते उतरून आधी बॉनेटवर पालथा हात ठेवायचे. ताप बघायला मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग हात काढून, अंदाज आधीपासूनच होता अशा थाटात मान हलवून म्हणायचे, "घडीभर बस. तापली आहे."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याबरोबर बाहेर पडलं की वेळेवर परतायची आशा सोडावी लागते. माझ्या ओळखीत हे नाना होते. मी सकाळी उठल्यावर दिवसाच्या कामांची यादी करते आणि एकेक काम खोडत जाते. अशा बाईच्या वाट्याला अशी गाडी आणि असा गाडीवाला यावा, हा विश्वेश्वराचाच विनोद म्हणायचा.

बँकेने माझी बदली वाराणसीला केली तेव्हा मी एकटीच आले. नवऱ्याची नोकरी सांगलीत, मुलगी हैदराबादला. कुणीतरी दुर्गाघाटावरच्या एका मराठी घराचा नंबर दिला. फोन केला तर पलीकडून खणखणीत आवाज आला, "हां हां, जागा आहे ना. वरचा मजला खाली आहे."

"वरचा मजला खाली कसा?"

"अगं, खाली आहे. कोणी नाही तिथे."

"म्हणजे खालच्या मजल्यावर कोणी नाही?"

"खालच्या मजल्यावर मी आहे! वरचा खाली आहे!"

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खाली म्हणजे रिकामा. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेल्या मराठी घरांत हिंदी शब्द पाहुणे म्हणून येतात आणि घरचेच होऊन जातात. नाना गाडी 'निकाळायचे', 'जल्दी' जेवायचे, पाऊस 'पडून राहिला आहे' म्हणायचे. त्यांच्या लेखी ही शुद्ध मराठी होती. बिघडलेली मराठी माझी, कारण मी सांगलीची.

नाना हे त्यांचं नाव नव्हे, घरातली हाक. पण हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील, त्यामुळे सगळ्या गल्लीची पोरं आपोआप त्यांची नातवंडं झाली होती. खरा नातू बंगळुरूला होता. तो त्यांना 'ग्रँडपा' म्हणायचा, तेही फोन आईने हातात दिला तर.

मी राहायला गेले त्याच्या आधीच काकू, नानांच्या पत्नी, गेल्या होत्या. गाडी काकूंसाठी घेतलेली. छोटी, चंदेरी, जुनी. दुर्गाघाटाच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं, आणि गाय आली तर दोघांना. तेव्हा गाडी उभी असायची मैदागिनला, एका ओळखीच्यांच्या आवारात. नाना रोज सकाळी चालत तिथवर जायचे, फडक्याने तिची काच पुसायचे आणि चालत परत यायचे. काकूंना दवाखान्यात नेण्यासाठी घेतलेली गाडी. त्या गेल्या, गाडी राहिली, आणि नाना ज्याला त्याला कुठे ना कुठे नेऊ लागले.

"स्टेशनला जाऊन राहिली आहेस? रिक्षा कशाला? मी गाडी निकाळतो ना."

नाही म्हणायची सोय नसायची. आणि गाडीत बसल्यावर पुढचं सगळं ठरलेलं होतं. थंड गाडी एका किल्लीत सुरू व्हायची. रस्त्यात कधी अडली नाही, धूर नाही, आवाज नाही. मुक्कामी पोचून बंद केली, काम आटपून परत किल्ली फिरवली, की मात्र स्टार्टर नुसता फिरत राहायचा. इंजिन पेट घ्यायचं नाही. मग नाना उतरायचे, बॉनेटवर पालथा हात, आणि "घडीभर बस." अर्ध्या-पाऊण तासाने तीच गाडी काही झालंच नाही अशी सुरू व्हायची.

ब्रह्माघाटावरच्या एक वहिनी दर पंधरवड्याला त्यांच्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायच्या. त्या म्हणायच्या, "नानांच्या गाडीतून जायचं तर डबा आणि अंथरूण, दोन्ही बरोबर घ्यावं."

"अहो वहिनी, तुम्ही पायी जा. जल्दी पोचाल. पण मग माझी निंदा कोणाजवळ कराल?"

वहिनी हसायच्या आणि बसायच्या. मीही बसले आहे. शिवपूरच्या भाजीबाजाराबाहेर, कचेरीच्या फाटकाशी, आणि सगळ्यात जास्त वेळा सारनाथच्या रस्त्यावर एका चहावाल्याच्या बाकावर. नाना मातीच्या पुरव्यातला चहा फुंकून फुंकून प्यायचे आणि बोलायचे. पूर आला की पंचगंगा घाटाच्या कितव्या पायरीवरून नाव लागते, मशिदीखालच्या उतारावर त्यांनी लहानपणी कुठे दात पाडून घेतला, ब्रह्माघाटाच्या गणपतीत कोणाचं गाणं कसं बुडालं. मध्येच म्हणायचे, "तिला घाई चालत नाही." ही 'ती' गाडी की काकू, ते मला पहिल्यांदा कळायचं नाही. पुढे पुढे मी विचारणं सोडलं.

माझं लक्ष सारखं घड्याळाकडे. नानांना ते दिसायचं.

"काय गं मॅनेजरीणबाई, आज काय राहिलं?"

"मी मॅनेजर नाही, नाना. इस्त्रीचे कपडे आणायचेत, गॅसचा नंबर लावायचाय, आईला फोन करायचाय."

"आणि 'बसणे' हे काम कुठे लिहिलंस?"

"ते काम नाही."

"मग तसं गाडीला सांग," ते म्हणायचे आणि आणखी एक चहा सांगायचे.

हे असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. पण जूनमधल्या एका दुपारी नाना एकटेच गाडी घेऊन निघाले. राजघाटाचा पूल ओलांडून पलीकडे पेट्रोल भरायला थांबले, पंपावरच्या माणसांशी जरा बोलत राहिले आणि गाडी सुरू होईना. पंपवाल्यांनी ढकलून ती रस्त्याकडेला लावली. नाना आत बसून राहिले. बनारसचं जूनचं ऊन म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. त्यांना भोवळ आली. कुणीतरी त्यांच्याच फोनवरून त्यांच्या बंगळुरूच्या मुलीला फोन लावला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा मी खालीच होते. नाना खाटेवर लिंबूपाणी पीत होते आणि फोन स्पीकरवर होता.

"बाबा, आता पुरे. ती गाडी विकून टाका."

"अगं, जरा तापते. बाकी ठीक आहे ती."

"आणि तुम्ही? तुम्ही ठीक आहात? दिवाळीनंतर तुम्ही इकडे यायचं. खोली तयार आहे. तिथे आता तुमचं कोण आहे?"

नानांनी पेला खाली ठेवला. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "इथे सगळेच आहेत."

"कोण सगळे? उन्हात बसला होतात तेव्हा कोण होतं?"

नानांनी पेला परत उचलला. मग मीच फोनच्या जवळ जाऊन म्हटलं, "मी वरच्या मजल्यावर राहते. गाडी दुरुस्त झाली तर?"

"किती मेकॅनिक झाले, ताई. काही होत नाही तिचं. तुम्ही बँकेत आहात ना?"

"हो. पण एखादी गोष्ट कधी बिघडते आणि कधी बिघडत नाही, एवढं बघायला मेकॅनिक कशाला लागतो?"

"बघा मग. दिवाळीपर्यंत. नाही झाली तर मात्र मी येऊन त्यांना घेऊन जाईन."

असं ठरलं. गाडी बरी झाली तर नाना काशीत, नाहीतर बंगळुरूला, चौदाव्या मजल्यावर.

पांडेपूरला सारनाथच्या वाटेवर नानांचा एक जुना मेकॅनिक होता. आम्हाला बघून त्याने कपाळावर हात मारला. "का हो नाना, फेर गरमा गइल?" मग माझ्याकडे वळून, "दीदी, बैटरी बदल दिये, प्लग बदल दिये, पंप बदल दिये. अब का बदलें? नाना को?"

"मला बदलून काय मिळणार? माझा स्टार्टरही तसाच आहे," नाना म्हणाले. ते अगदी आनंदात होते. ज्याच्यासाठी धडपड चालली आहे तोच इतका निवांत, हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं.

पुढचे काही रविवार मी गाडीमागे लागले. बंद करून लगेच किल्ली फिरवली तर सुरू व्हायची. तासभर थांबून फिरवली तरी सुरू व्हायची. अडायची ती मधल्या वेळात. म्हणजे चालताना नव्हे, थांबल्यानंतर तिच्यात काहीतरी जास्त तापत होतं. घरी वरणाचं पातेलं गॅसवरून उतरवल्यावर मला ते पटलं. आच बंद झाली तरी आतला रटरटाट लगेच थांबत नाही. चालत्या गाडीला वारा लागतो, पंखा असतो, पाणी फिरतं. उभी राहिली की सगळं बंद, आणि आतली धग जाणार कुठे? तिथेच साठते.

मेकॅनिकला हे सांगितलं तर त्याने मान खाजवली. म्हणाला, इंजिन फिरतंय की नाही हे गाडीला सांगणारा एक सेन्सर असतो. तो म्हातारा झाला की गरम झाल्यावर मुका होतो. गाडीला वाटतं इंजिन फिरतच नाही, मग ती ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही नाही. "ओहीके देखे के रह गइल." तेवढा एकच बघायचा राहिला होता.

एका रविवारी आम्ही गाडी चांगली तापवून त्याच्याकडे नेली, बंद केली आणि थांबलो. ठरलेल्या वेळी ती अडली. मेकॅनिकने खांद्यावरचा गमछा काढला, माठातल्या पाण्यात बुडवला, पिळला, चौपदरी केला आणि बॉनेटखाली हात घालून त्या सेन्सरवर ठेवला.

नाना एकदम पुढे झाले. त्यांचा चेहराच बदलला. "हां, ऐसे ही. लेकिन घड़ी सूखने मत देना. घड़ी बदलते रहो."

मेकॅनिकने आपल्या मनगटाकडे पाहिलं. "घड़ी? नाना, हम तो घड़ी पहिनते ही नहीं."

"अरे, ये जो रखी है! ठंडी घड़ी!"

"ये तो गमछा है."

मला हसू आवरेना. बनारसी बोलीत नानांचा हात धरणारा अख्ख्या गल्लीत कोणी नव्हता. भाजीवाल्याशी, नाविकाशी, पोलिसाशी ते असे बोलायचे की मराठी घरातले आहेत हे कुणाला खरं वाटू नये. आणि हा एक शब्द त्यांना हिंदीत येत नव्हता. तापात कपाळावर ठेवायची ती ओली घडी. आजारपण घरातलं, आणि घर मराठी. बाहेर बोलायची वेळच कधी आली नसेल.

"पट्टी कहिए न, नाना!" मेकॅनिक हसत म्हणाला.

"पट्टी तर जखमेला बांधतात," नाना माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले. तेही हसत होते. मग हसता हसता थांबले. मेकॅनिक परत माठाकडे गेला तेव्हा हळूच बोलले, "शेवटी शेवटी तिला रोज ताप यायचा. तिन्हीसांजेला. घड्या मीच ठेवायचो. एक सुकली की दुसरी. मध्ये औषध, मध्ये पाणी, मध्ये डॉक्टरला फोन. नुसता धावून राहिलो होतो. ती म्हणायची, घड्या राहू द्या हो. तुम्ही घडीभर बसा."

मी विचारलं नाही, मग बसलात का. मेकॅनिकने ओला गमछा परत ठेवला, जरा वेळाने किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. त्याने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. मीसुद्धा टाळी वाजवली. नाना बॉनेटखाली वाकून तो गमछा काढत होते, अगदी हळू, कुणाची झोप मोडू नये तसा.

नवा सेन्सर बसला. मग कितीही तापली तरी गाडी एका किल्लीत सुरू. मी मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पण उन्हात एकटे जायचं नाही, हे त्यांना सांगा." नाना जिंकले. बंगळुरूची खोली नातवाच्या सायकलीला गेली.

त्यानंतर सगळे वेळेवर परतू लागले. वहिनींची तपासणी झाली की गाडी सुरू, मैदागिन, "बरंय नाना, येते," आणि वहिनी गल्लीत दिसेनाशा. स्टेशनला पोचवायला गेलेले नाना घटकेत परत. रविवारी सकाळी अकरालाच ते घरच्या पायरीवर बसलेले दिसायचे, किल्ली हातात, येणाऱ्याजाणाऱ्याला हटकत. "का गुरु, कहीं चलना है?" लोक हात हलवून पुढे जायचे. मी माझी यादी घेऊन जिना उतरायचे आणि चढायचे. कामं भराभर होत होती.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी मला सारनाथच्या पलीकडे एका ग्राहकाच्या घरी कागद पोचवायचे होते. नाना म्हणाले, "मी निकाळतो." काम पाच मिनिटांत झालं. परतताना त्यांनी चहावाल्यापाशी गाडी उभी केली. चहा झाला. मी पर्स उचलली आणि उभी राहिले.

नाना गाडीपाशी गेले. किल्ली खिशातच होती, त्यांनी ती काढलीसुद्धा नाही. बॉनेटवर पालथा हात ठेवला. मान हलवली.

"घडीभर बस," माझ्याकडे न बघता म्हणाले. "तापली आहे."

नवा सेन्सर मी स्वतः बघून बसवून घेतला होता. माझ्या ओठांवर ते आलंही. मग मला त्यांचा हात दिसला. तो अजून बॉनेटवरच होता, माझ्या उत्तराची वाट बघत.

मी पर्स बाकावर ठेवली. दुसरा चहा मीच सांगितला.

त्या हिवाळ्यात आम्ही बऱ्याच ठिकाणी असे बसलो. कोवळ्या उन्हात, अंगावर शाल घेऊन, भोवती धुकं विरत असताना. काही वेळा नाना बोलायचेसुद्धा नाहीत. मलाही घरचा विचार यायचा. सांगलीत आता काय चाललं असेल, कुणाला माझी आठवण कामाशिवाय येते का, असले विचार, जे जिन्यावरून ये-जा करताना येत नाहीत. "चल, झाली थंड," असं नाना म्हणाले की उठायचं. ते कधी म्हणायचे याला काही हिशोब नव्हता.

जानेवारीत त्यांना ताप आला. छातीत कफ झाला. दवाखान्यात काही दिवस ठेवून डॉक्टरांनी घरी पाठवलं, आणि घरी आल्यावर पुन्हा चढला. मुलगी आली. आम्ही दोघी आळीपाळीने त्यांच्या उशाशी बसायचो. वाडग्यात पाणी, दोन रुमाल, एक सुकला की दुसरा. एकदा मी वाडग्यातलं पाणी बदलायला उठले तर त्यांनी डोळे न उघडता माझा पदर धरला. बोलायची गरज नव्हती, वाक्य मला पाठ होतं. पाणी मुलीने बदललं.

नाना त्याच आठवड्यात गेले. दहाव्याला पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर गल्लीतली पोरं आली होती, मेकॅनिक आला होता, वहिनी वरच्या पायरीवर उभ्या होत्या. मुलगी म्हणाली, "खरंच की. सगळेच होते." आणि मग तिला रडू आलं.

जाताना तिने गाडीची किल्ली मला दिली. "नुसती उभी राहिली तर बिघडेल. तुम्ही चालवा." नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मागच्या महिन्यात बँकेत एक नवी मुलगी रुजू झाली, अकोल्याची. जागा शोधत होती. मी तिला म्हटलं, "आमच्याकडे बघ. खालचा मजला खाली आहे." ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. काय बोलले ते मला मागाहून कळलं.

परवाच्या रविवारी सगळी कामं सकाळीच संपली. मी मैदागिनला जाऊन गाडीची काच पुसली आणि सारनाथला गेले. तिथे माझं काहीच काम नव्हतं. चहा घेतला, पैसे दिले, गाडीत येऊन बसले. किल्ली फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली.

चहावाला हातातलं काम थांबवून माझ्याकडेच बघत होता.

मी गाडी बंद केली. खाली उतरले. बॉनेट चांगलंच गरम होतं.

"क्या हुआ, दीदी?"

"गरम है, भैया. थोड़ी देर बैठना पड़ेगा."

त्याने गाडी सुरू झालेली ऐकली होती. खांद्यावरचा गमछा काढून त्याने बाक पुसला आणि चहाचं पातेलं परत शेगडीवर ठेवलं.